वण कुठे घ्यायचा: वजन उतरल्यावर कातडी काढण्याचं एक प्रकरण

मी छत्रपती संभाजीनगरला प्लास्टिक सर्जन म्हणून काम करतो. हे प्रकरण माझ्याच एका रुग्णाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितोय. वय, गाव आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत त्या शिकवतात. शाळेत लहानथोर सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही बाईच म्हणतो.

पार्श्वभूमी

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ४३ वर्षांच्या होत्या. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६९ किलो. सव्वादोन वर्षांपूर्वी हेच वजन १२१ किलो होतं. साखर वाढलेली, गुडघे दुखून जिना चढवत नव्हता. पुण्याला जाऊन त्यांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, जिला सगळे ‘स्लीव्ह’ म्हणतात. त्यानंतर ५२ किलो उतरले. साखरेची गोळी बंद झाली. शाळेचा जिना आता त्या पोरींबरोबर चढतात, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं.

गेले आठ महिने वजन ६८ ते ७० किलोच्या आत होतं. माझ्यासाठी ही पहिली अट असते. वजन उतरत असताना कातडी काढली तर उरलेली पुन्हा सैल पडते, आणि वजन परत चढलं तर वण ताणून रुंद होतो. त्यामुळे निदान सहा महिने काटा जागेवर राहिलेला हवा.

कातडी स्वतःहून का आवळत नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले लवचीक तंतू तुटलेले असतात. पोटावरच्या पांढऱ्या भेगा ही त्याचीच खूण. व्यायामाने आतला स्नायू घट्ट होतो, वरची कातडी होत नाही. बाईंनी वर्षभर सूर्यनमस्कार घातले होते. पोटाचा ओघळ तसाच होता. उलट आतली चरबी गेल्यामुळे तो जास्त लोंबायला लागला होता.

घर माळकरी. अंडं-मटण वर्ज्य. हे इथे लिहितोय कारण पुढे त्याचा संबंध येतो.

अडचण

तपासायला घेतलं तेव्हा पोटाचा पडदा मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत आलेला होता. तो उचलला तर घडीच्या आत जुन्या सुती लुगड्याची चार पदरी दुमडलेली पट्टी. “ही मधल्या सुट्टीत बदलते,” बाई म्हणाल्या. पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत आणखी दोन पट्ट्या होत्या, धुऊन, इस्त्री करून ठेवलेल्या. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. घाम घडीत साचतो, कातडी कातडीला घासते, मग ओलसर लाल चट्टा, मग गजकर्ण, मग वास. वर्गात पंख्याखाली उभं राहायलाही त्यांना संकोच वाटायचा.

त्यावर दोन वर्षं त्या मेडिकलवरून एक मलम आणून लावत होत्या. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड असं तिहेरी मिश्रण. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा येतं, पुन्हा ट्यूब. स्टेरॉइडने बुरशी दबून पसरते आणि कातडी कागदासारखी पातळ होते. घडीतली त्यांची कातडी तशीच झाली होती. ते मलम आधी थांबवलं आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून बुरशीचा पूर्ण इलाज करून घेतला. त्यात दोन महिने गेले.

पण पहिल्या भेटीतलं बाईंचं पहिलं वाक्य पोटाबद्दल नव्हतंच. त्या म्हणाल्या होत्या, “सर, पोटाचं मागून बघू. आधी हे दंड बघा. फळ्यावर लिहायला हात वर केला की हे हलतं, आणि लेकरं हसतात.” मी दंड पाहिले, मोजले, आणि फाइलवर मुख्य तक्रार म्हणून काय लिहिलं, तर पोट. का, तर पोटाला जंतुसंसर्ग होता, ते ‘वैद्यकीय’ होतं, आणि दंड ‘दिसण्याचे’. ही विभागणी माझी होती, बाईंची नव्हती. ती मी का केली, याकडे शेवटी येईन.

पर्याय

काहीच न करणं हाही पर्याय असतो आणि तो मी नेहमी मांडतो. पावडर, घडी कोरडी ठेवणं, पोट उचलून धरणारा पट्टा. बाईंनी हे सगळं केलेलं होतं. चरबी शोषून काढण्याबद्दल, म्हणजे लायपोसक्शनबद्दल, त्यांच्या जाऊबाईंनी ऐकलं होतं: वण जवळपास नाहीच, मग तेच का नको? कारण इथे चरबी नव्हतीच फारशी. रिकामी पिशवी आणखी रिकामी करून ती लहान होत नाही.

राहिला छेद. आता प्रश्न किती आणि कुठे.

पोटासाठी तीन वाटा होत्या. लोंबणारा भाग तेवढा कापायचा, बेंबी आणि स्नायूंना हात लावायचा नाही. किंवा एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेऊन कातडी खाली ओढायची, फाकलेले स्नायू मध्ये आणून शिवायचे आणि बेंबीला नवी जागा द्यायची. किंवा त्याच आडव्या छेदाला छातीच्या हाडाखालून सरळ खाली येणारा उभा छेद जोडायचा. एवढं वजन उतरलेल्या माणसात कातडी फक्त वरून खाली सैल नसते, आडवीही असते. आडव्या छेदाने बेंबीच्या वरची बाजू पूर्ण सपाट होत नाही. उभ्याने होते, कंबरही आत येते. निव्वळ आकार बघितला तर बाईंसाठी तिसरी वाट सगळ्यात सरस होती.

इथे थोडं मागे जातो. पोटाची कातडी अशी काढायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८९९ साली बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी केलेली शस्त्रक्रिया सगळ्या पाठ्यपुस्तकांत येते. तेव्हा ओझं उतरवणं एवढाच हेतू होता, वण कुठे पडतो याला महत्त्व नव्हतं. १९६७ साली ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी आडवा छेद बराच खाली नेला, आणि तेव्हापासून वण आखूड चड्डीच्या रेषेत लपवणं हा नियम झाला. आम्हीही तोच शिकलो. पण ती रेषा समुद्रकिनाऱ्यावरच्या कपड्यांसाठी आखलेली आहे. साडी नेसणाऱ्या बाईचं अंग तिथे उघडं पडत नाही. ते पोलक्याच्या काठापासून निऱ्यांपर्यंत उघडं असतं, नेमका उभा वण जिथून जाईल तिथे. आणि जिथे कापड घट्ट बसतं ती जागाही वेगळी: परकराची नाडी. नाडीने कमरेवर काळा पट्टा पडतो हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. क्वचित कुणाला वर्षानुवर्षांच्या घासण्याने तिथे न भरणारी जखमही होते. ताजा वण त्या रेषेवर आणून ठेवणं म्हणजे रोज त्याच्यावर दोरी ओढणं.

म्हणून दुसऱ्या भेटीला बाईंना साडी, परकर आणि रोजचं पोलकं घेऊन यायला सांगितलं. सिस्टरांनी पडद्याआड मार्करने दोन्ही रेषा पोटावर काढल्या. मग बाईंनी साडी नेसली. आरशासमोर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, वाकून चप्पल सरळ केली, खाली बसल्या, उठल्या. खाली वाकल्यावर पदर सरकला आणि उभी रेषा चार बोटं दिसली. बाई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. “म्हणजे पदर कायम खोचून ठेवावा लागेल,” एवढंच म्हणाल्या. आडव्या रेषेचं मात्र नाडीशी जुळत नव्हतं. रेषा दोन्ही टोकांना वर चढत होती आणि नाडीच्या अगदी जवळ पोहोचत होती. ती मी पुसून जवळजवळ तीन बोटं खाली घेतली. कागदावर काढलेल्या आकृतीत हे मला कधीच दिसलं नसतं.

निर्णय: उभा छेद नको

माझं मतही अखेर उभ्या छेदाच्या विरोधात गेलं, त्याची आणखी दोन कारणं होती. उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात त्या कोपऱ्याला रक्तपुरवठा सगळ्यात कमी असतो आणि जखम उसवायची असेल तर तिथेच उसवते. आणि बाईंचा कान.

उजव्या कानाच्या वरच्या पाळीला, बुगडीच्या भोकापाशी, हरभऱ्याएवढी गाठ होती. बारा-तेरा वर्षांच्या असताना टोचलं तेव्हा वाढलेली. हा केलॉइड, म्हणजे जखमेच्या सीमेबाहेर वाढत जाणारा वण. दुसरीकडे बेंबीखाली सिझेरियनचा उभा वण होता, सतरा वर्षांचा, पांढरा, सपाट, बोट फिरवलं तरी न जाणवणारा. एकाच शरीरावर दोन साक्षी, दोन वेगळ्या सांगणाऱ्या. कान, छाती, खांदा या जागा केलॉइडसाठी बदनाम आहेत. पोट त्यामानाने बरं. दंड मध्ये कुठेतरी.

यातून मी टप्पे ठरवले. आधी पोट, फक्त आडवा छेद. मग निदान आठ महिने त्या वणाचं वागणं बघायचं, आणि मगच दंड. सिझेरियनचा वण काढून टाकायच्या कातडीतच जाणार होता. उभा छेद नंतर वाटला तर घेता येईल, एकदा घेतल्यावर पुसता येणार नाही, हे मी बाईंना आणि त्यांच्या यजमानांना समोर बसवून सांगितलं. बेंबीच्या वर, खाली बसल्यावर, एक घडी राहील हेही सांगितलं. चिमटीत धरून ती दाखवली, पट्टीने मोजली: पाच सेंटिमीटर. यजमान म्हणाले, “हिला चालत असेल तर आम्हाला काय.” बाई म्हणाल्या, चालेल.

विम्याचं त्याच आठवड्यात कळलं. कंपनीने नकार दिला. विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसते. तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका दाखवता आला तर सूट असते. वर्षानुवर्षांचं गजकर्ण त्यात बसवायचा मी दोन पत्रं लिहून प्रयत्न केला, जमलं नाही. बाईंनी पाटल्या गहाण ठेवून कर्ज काढलं.

मिश्री

शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीत ठरली. हिमोग्लोबिन सुरुवातीला ९.१ होतं, जठर लहान केल्यावर लोह आणि बी-१२ कमी पडणं नेहमीचं. शिरेतून लोह देऊन ते ११.६ वर आणलं. प्रथिनांचं जड गेलं. जखम भरायला दिवसाला ६०-७० ग्रॅम तरी हवीत, आणि एका वेळी वाटीभरच जेवण जाणाऱ्या माळकरी बाईंनी ती कुठून आणायची? मटकीची उसळ, पनीर, भाजलेले शेंगदाणे, दुधातून प्रथिनांची पावडर, असं आहारतज्ज्ञांनी दिवसभरात वाटून दिलं.

तंबाखूबद्दल मी दोन भेटींत विचारलं होतं. भूलतज्ज्ञांनीही विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: “छे, आमच्यात कुणीच खात नाही.” शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर, त्या परभणीकडच्या, सामान लावताना त्यांना बाईंच्या पिशवीत एक लहान डबी दिसली. त्यांनी सरळ विचारलं, “मिश्री लावता का, बाई?” “हो, सकाळी अन् निजायच्या आधी. दातांसाठी.” बाई खोटं बोलल्या नव्हत्या. मिश्री म्हणजे तंबाखूच, तव्यावर भाजून काळी केलेली, पण घरात तिला तंबाखू कुणी म्हणत नाही. आईने लावली, आत्याबाई लावतात, त्यांनी लग्नाआधीपासून लावलेली.

निकोटिन कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. पोटाच्या या शस्त्रक्रियेत कातडीचा मोठा पदर खालून सोडवून ओढून शिवतात. तो पदर कडेच्या रक्तावर जगतो. तेच रक्त कमी असेल तर मधली कातडी काळी पडून मरू शकते. मग जो वण येतो त्यापुढे आपण मोजत बसलेला वण काहीच नाही.

रात्री साडेनऊला मी वॉर्डात गेलो आणि उद्याची शस्त्रक्रिया होणार नाही असं सांगितलं. बाईंचे भाऊ पुण्याहून आलेले, यजमानांनी कापसाची वेचणी मजुरांवर सोडलेली, रजा मंजूर, कर्जाचं व्याज चालू. यजमान गप्प बसले. बाई मात्र रागावल्या, आणि त्यांचा राग रास्त होता. “तुम्ही तंबाखू विचारली. मिश्री कुठे विचारली?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवी तारीख जानेवारीची दिली. निदान सहा आठवडे मिश्री पूर्ण बंद, आणि त्यानंतर लघवीची कोटिनीन तपासणी, जिच्यात निकोटिनचा माग लागतो. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, चिडचिड झाली, पोट साफ होईना. त्यांनी दात लवंग-मिठाच्या पावडरीने घासले. आत्याबाईंनीही सोबत म्हणून पंधरा दिवस सोडली आणि पुन्हा धरली. बाईंनी धरली नाही.

पहिला टप्पा: पोट

जानेवारीत चार तास चाललेल्या शस्त्रक्रियेत ३.४ किलो कातडी आणि चरबी निघाली. ऐकणाऱ्याला हा आकडा नेहमी कमी वाटतो. कातडीचा पदर आतून टाक्याटाक्याने खालच्या थराला बांधला, म्हणजे पोकळी राहत नाही आणि वणावरचा ताणही वाटला जातो. आत साचणारं पाणी बाहेर यावं म्हणून दोन नळ्या ठेवल्या. संध्याकाळीच धरून चालवलं, रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी त्या इथेच शहरात, भावाच्या ओळखीच्या घरी गेल्या. आठवडाभर पोट ताणू नये म्हणून कमरेत वाकून चालायचं होतं, आणि तसं चालत एसटीने गावी जाणं शक्य नव्हतं.

नळ्या नवव्या दिवशी काढल्या. तिसऱ्या आठवड्यात फोन आला: “सर, पोटात पाणी हलतंय.” कातडीखाली द्रव साचला होता. बीडहून इथे १३० किलोमीटर यायचं आणि तेवढंच जायचं, सुईने पाणी काढायला पाच मिनिटं. बीडमधल्या एका सर्जन मित्राला विनंती केली. त्यांनी तीनदा काढलं, १२०, ७० आणि ३० मिलिलिटर, मग थांबलं.

सहाव्या आठवड्याला बाई आल्या तेव्हा जखम पूर्ण भरलेली होती आणि मी खूश होतो. त्यांनी परकर खाली सरकवून वण दाखवला आणि रडायला लागल्या. वण लालभडक होता, दोरीसारखा उठलेला, खाजत होता. “हे असंच राहणार का?” राहणार नव्हतं. वण पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वाईट दिसतो, मग हळूहळू फिका पडतो. पिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं. हे मी त्यांना सांगितलंही होतं. पण दाखवलेले फोटो सगळे वर्षभरानंतरचे होते. कानाने ऐकलं ते विसरलं, डोळ्याने पाहिलं ते राहिलं.

तोवर फेब्रुवारी संपत आला होता. दाबपट्टा सहा आठवडे दिवसरात्र घालायचा असतो. दुपारच्या उन्हात पत्र्याच्या वर्गात त्याखाली घामोळं आलं आणि शेवटचे दहा दिवस बाईंनी तो फक्त रात्री घातला. मला हे त्यांनी दोन महिन्यांनी सांगितलं.

दुसरा टप्पा: दंड

सप्टेंबरमध्ये, आठ महिन्यांनी, वण फिकट तपकिरी आणि सपाट झाला होता. केलॉइडचं चिन्ह नाही. उजव्या टोकाला सुमारे तीन सेंटिमीटरचा एक उंचवटा राहिला होता, कातडी गोळा झालेला. तो पुढच्या वेळी काढायचं ठरलं. घडीतली पट्टी बंद झाली होती. बेंबीखाली बधिरपणा होता, त्यामुळे गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवायची नाही, हे पुन्हा बजावलं.

आता दंड. इथे लपवायला जागाच नाही. काखेपासून कोपरापर्यंत वण येणार आणि पोलक्याची बाही जिथे संपते त्याखाली तो दिसणार. तो दंडाच्या आतल्या बाजूला घ्यायचा की मागच्या, यावर सर्जनांमध्येही एकमत नाही. मी शक्यतो मागे घेतो. रुग्णाला आरशात दिसत नाही आणि मागची कातडी जाड असल्याने वण बरा बसतो. तेच सुचवलं.

बाई म्हणाल्या, “मी दिवसातून चार तास लेकरांकडे पाठ करून उभी असते.”

माझ्या खोलीत पांढरा बोर्ड आहे. त्यावर त्यांना लिहायला लावलं. दोन्ही रेषा दंडावर काढल्या, मागची निळी, आतली लाल, आणि सिस्टरांना मागे खुर्चीवर बसवून मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगितलं. बाईंनी सवयीने वर तारीख लिहिली, मग वार, मग सुविचार. निळी रेषा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत दिसत होती. लाल रेषा बोर्डाच्या बाजूला वळलेली, फक्त खाली लिहिताना कोपरापाशी थोडी. त्या चित्रफितीवर दुसरं काही बोलायला लागलं नाही. वण आत, स्नायूंमधल्या खाचेत घ्यायचा ठरला. काखेत तो सरळ न नेता नागमोडी वळवायचा, म्हणजे पुढे आवळून हात वर करताना ताण येत नाही.

मग मी त्यांना सहा आठवड्यांचे, तीन महिन्यांचे आणि बिघडलेल्या वणांचे फोटो दाखवले. कानाची गाठ पुन्हा दाखवली. दंडावर वण जाड होण्याची शक्यता पोटापेक्षा जास्त आहे, हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी घरी जाऊन पंधरा दिवसांनी होकार कळवला.

दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. उजवा वण ठरल्यासारखा भरला. डावा तिसऱ्या महिन्यात काखेजवळ जाड, लाल झाला, रात्री खाजून झोप मोडायची. वणात स्टेरॉइडची इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने तीनदा दिली, सिलिकॉनची जेल रोज, उन्हात बाहीने झाकणं. आपल्या सावळ्या कातडीत उन्हाने वण काळा पडतो आणि तो काळेपणा वणापेक्षा जास्त दिवस टिकतो. वर्षभराने जाडपणा उतरला. काखेपाशी चार सेंटिमीटरची दोरी मात्र आहे, आणि ती राहील असं दिसतंय.

परिणाम

शेवटची भेट दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर चौदा महिन्यांनी झाली. वजन ७१. मिश्री बंद. पावसाळ्यात एकदाही मलम लागलेलं नाही. बाई कोपरापर्यंतच्या बाहीचं पोलकं घालून आल्या होत्या. डाव्या दंडाबद्दल विचारलं तर हात वर करून स्वतःच दाखवला: “एका पोरीने विचारलं, बाई, हे काय झालं. म्हटलं, ऑपरेशन झालं. ती म्हणाली, बरं. अन् गणित विचारलं.”

मांड्यांचं मीच काढलं. आतल्या बाजूची कातडी सैल आहे, चालताना घासते. बाईंनी विचार केलेला होता. आत सायकलची चड्डी घातली की घासत नाही, बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि जांघेतला वण मुतायला-बसायला त्रास देईल तो वेगळा. नको. मी फाइलवर तसं लिहिलं.

काय वेगळं करता आलं असतं

मिश्री नावाने विचारायला हवी होती. आता आमच्या फॉर्मवर तंबाखू, मिश्री, गुल, तपकीर, गुटखा, सुपारी अशी प्रत्येकासमोर वेगळी चौकट आहे, आणि बायकांना हे सिस्टर विचारतात, यजमान बाहेर बसलेले असताना. त्या एका प्रश्नाने बाईंची दिवाळी, रजा आणि तीन महिन्यांचं व्याज वाचलं असतं.

सहा आठवड्यांचा फोटो आधी दाखवायला हवा होता. चांगल्या वणांचेच फोटो दाखवून घेतलेली संमती मला आता अर्धीच वाटते.

जानेवारीऐवजी थोडं आधी, डिसेंबरच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली असती तर दाबपट्टा उन्हाळ्याच्या तोंडाशी आला नसता. आता दोन सुती पट्टे देतो, एक धुवायला, एक घालायला. टँकरच्या गावातली रुग्ण असेल तर रोज धुणं होणार नाही, हे गृहीत धरून तीन देतो. पाणी काढायची वेळ आली तर कुठल्या गावात कोण काढेल, हेही घरी पाठवतानाच कागदावर लिहून देतो.

पोट आधी आणि दंड नंतर हा क्रम वणाच्या अंदाजासाठी बरोबर होता, आजही मी तोच ठेवीन. पण तो ठरवायच्या आधी बाईंना काय सगळ्यात जास्त टोचतंय हे मी ऐकून बाजूला ठेवलं, ते चुकलं. दंड ‘दिसण्याचे’ म्हणून मागे पडले. रोज तीस पोरांसमोर फळ्यावर हात वर करणं हे त्यांचं काम आहे. मग ती तक्रार घडीतल्या बुरशीपेक्षा हलकी कशी? फळ्याची ती चाचणी पहिल्याच भेटीत करता आली असती. दोन टप्प्यांमधले आठ महिने त्या पूर्ण बाहीत वावरल्या, मेमध्येसुद्धा, आणि दंडांची पाळी येईल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, कारण मी ते नीट सांगितलंच नव्हतं.

उभ्या छेदाबद्दल मात्र मी अजून साशंक आहे. गेल्या भेटीत निघताना बाई म्हणाल्या की हळदी-कुंकवाला खाली बसलं की बेंबीच्या वरची ती घडी निऱ्यांवर येते, आणि पोलक्याची शिलाई थोडी खाली घेतली तर उभा वण झाकेल का, असं त्यांनी शिंप्याला विचारून ठेवलंय. पुढच्या वेळी ते लांब पोलकं घेऊन यायला सांगितलंय. मार्कर सिस्टरांकडे आहे.